मधल्या दिवसांत आमच्या घरात कोण होतं?

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. खरं सांगायचं तर आधी हसायला म्हणून वाचायची. मी गणिताची शिक्षिका, भंडाऱ्याला मुलींच्या शाळेत शिकवत शिकवत रिटायर झाले. नवरा फिजिक्सचा लेक्चरर. घरात देव्हारा होता तो सासरच्या माणसांना बरं वाटावं म्हणून, आणि त्यात दिवा लावायची आठवणही मला शेजारीण करून द्यायची. भूत, करणी, अंगात येणं... हे शब्द आमच्याकडे फक्त एकमेकांची टिंगल करायला वापरले जायचे. आजही मी यातलं काही मानत नाही. आणि मी जे सांगणार आहे त्यात भूत नाहीच. आमच्या घरात बाहेरून कोणी आलं नव्हतं. होतं ते माणूस गेलं होतं – आणि तरी घरातच होतं. हे वाक्य कसं वाटतं ते मला कळतंय. क्रमाने सांगते.

एकोणऐंशी साल असेल. दिवाळी नुकतीच आटोपली होती. आम्ही भंडाऱ्यात खात रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मागच्या गल्लीत पितळेची भांडी घडवायचे, त्यामुळे दिवसभर ठोक्यांचा आवाज. इतका, की आम्हाला तो ऐकूच यायचा नाही. मला पाचवा महिना लागला होता.

रविवारची दुपार. यांचे मित्र शामराव आले होते. शामराव डॉक्टर, यांच्याच गावचे, आसगावचे, दोघं लहानपणापासून एकत्र. दर रविवारी यायचे आणि दर रविवारी दोघांचा वाद व्हायचा. विषय एकच – फिजिक्समध्ये सगळं बसतं की नाही. यांचं म्हणणं, बसतं. आज नाही बसलं तर उद्या बसेल. मी यांच्याच बाजूची. स्वयंपाकघरातून मीही दोन वाक्यं टाकायची.

त्या दिवशी मी शिंगाडे उकडले होते. दोघं खाटेवर बसून सोलत होते. शामराव म्हणाले, "मी पेशंटले भूल देतो, मधू. तोंडावर मास्क ठेवला की तो बोलता बोलता जाते. नाडी चालू, श्वास चालू, सगळं चालू. मंग तो माणूस कुठं जाते ते तुझ्या पुस्तकात दाखव मले."

"कुठंच नाही जात," हे म्हणाले. "मेंदूतलं काम थांबते, बस. अरे, चार बलं आन् थोडेसे कण, एवढंच आहे जगात. त्याच्यातच तू, त्याच्यातच मी, त्याच्यातच हा शिंगाडा, आन् या शिंगाड्याची चव..."

आणि थांबले.

किती वेळ? फार नाही. घास गिळायला लागतो तेवढा. मग म्हणाले, "...चवही त्याच्यातच. हिशेब लांबलचक आहे, एवढंच." हसले. पुढचा शिंगाडा उचलून सोलायला लागले. शामरावांनी काहीतरी उत्तर दिलं, वाद पुढे सुरू झाला.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मला पितळेचे ठोके ऐकू यायला लागले. घरात माणसं आहेत म्हणून आपण हाक मारत दार लोटावं आणि आत कोणीच नसावं, तेव्हा जे होतं ना... तसं झालं. आणि ते यांच्या तोंडाकडे बघून झालं.

मी ट्रे ठेवला. "काय झालं?" यांनी विचारलं. "चेहरा उतरला तुझा. बस जरा." अगदी यांच्याच आवाजात, यांच्याच काळजीने. मला उलटी आली.

गरोदरपणात मन भलतंसलतं घेतं, हे मीच स्वतःला सांगितलं. दोन दिवसांत जाईल. पण दिवस जात होते आणि ते जात नव्हतं. मी यांची परीक्षा घ्यायला लागले. आमच्या लग्नात कोणाचा जोडा हरवला, वरठीला माझ्या वडिलांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा काय खाल्लं... सगळं बरोबर सांगायचे. वर एखादी कोपरखळी. कॉलेजात शिकवणं नेहमीसारखं. भाजीत मीठ जास्त झालं की भुवई तशीच वर. एकही गोष्ट चुकत नव्हती. मी समोर बसले की मला वाटायचं, बोलतंय तरी कोण? डोळे माझ्याकडे वळायचे, पण ते वळायचे फक्त. त्यांच्यातून मला कोणी पाहत नव्हतं.

एकदा पोटातल्या बाळाने हालचाल केली. यांनी हात ठेवला आणि म्हणाले, "पाहा, कसं लाथा मारून राह्यलं." चेहऱ्यावर कौतुक. मी तो हात झटकून टाकला आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून घेतली. बाहेरून विचारत राहिले, "काहून, दुखते का? शामरावले बोलावू का?" मी आत पाणी सोडून उभी राहिले, आवाज ऐकू येऊ नये म्हणून.

मग ती दुपार. शाळेत कोणीतरी वारल्यामुळे लवकर सुट्टी झाली. यांचीही लेक्चर्स त्या वारी सकाळची असायची. मी अंगणातून आले तर खिडकी उघडी होती. हे खुर्चीत बसले होते. पाठ सरळ, हात गुडघ्यांवर, मांडीवर उघडा पेपर. पेपरकडे बघत नव्हते. कशाकडेच नाही. मला वाटलं डोळा लागला असेल, पण डोळे उघडे होते. एक माशी गालावरून चालत ओठावर आली, ओठावरून नाकापाशी, तिथून डोळ्याच्या कडेला. माणूस झोपेतसुद्धा हात हलवतो हो. यांनी पापणीही लवू दिली नाही. श्वास चालू होता, शर्ट वरखाली होत होता. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. उन्हाने डोकं तापलं, पण हलायची हिंमत होईना.

शेवटी मी अंगणाच्या फाटकापर्यंत परत गेले आणि मुद्दाम कडी वाजवली.

आत पेपरचं पान उलटल्याचा आवाज झाला. "आलीस? आज लवकर?" यांनी विचारलं, आणि माशी उडवली.

मी सरळ शामरावांच्या दवाखान्यात गेले. पेशंट जाईपर्यंत बाकावर बसले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं शामराव माझीच नाडी बघतील. पण ते हसले नाहीत. संध्याकाळी घरी आले, गप्पांच्या निमित्ताने यांना पूर्ण तपासलं. गुडघ्यावर हातोडी, डोळ्यात बॅटरी, ब्लडप्रेशर, सगळं. नंतर आम्ही नागपूरला जाऊन मेंदूचा आलेखही काढून आणला. हेच स्वतः म्हणाले, "तिची शंका फिटू दे, जाऊन येऊ." आलेख नॉर्मल. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मलाच आराम करायला सांगितलं.

नागपूरहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शामराव मला शाळेच्या फाटकाशी भेटले. सायकलवर होते, उतरले. खाली बघत बोलले.

"वहिनी, रिपोर्टात काहीच नाही. मी पण सगळं पाहून घेतलं, काहीच नाही याले. कागदावर तो माझ्याहून तंदुरुस्त आहे."

"मग माझंच डोकं फिरलं असं समजू का?"

त्यांनी सायकल फाटकाला टेकवली. मग म्हणाले, "इतके वर्षं झाले, मी माणसाच्या छातीले नळी लावून राह्यलो. बेशुद्ध असो, म्हातारा असो. जिवंत माणसाच्या अंगाले हात लावला की मले जरासा संकोच होते. समोर कोणीतरी आहे, हे ध्यानात राह्यते. मुडद्याचं तसं नसते. त्या दिवशी मधूच्या छातीले नळी लावली... आन् मले संकोचच नाही झाला."

मग म्हणाले, "हे मी डॉक्टर म्हणून नाही सांगून राह्यलो. डॉक्टर म्हणून मले काही दिसत नाही. पण घरी त्याच्यासंगं एकट्या नका राहू. आसगावले जा. तिथं धानाचे दिवस आहेत, घर भरून माणसं राह्यतीन."

भीती म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोपर्यंत निदान एक आशा होती – की मी वेडी झाले असेन.

शनिवारी आम्ही एसटीने निघालो. वाटेत अड्याळला बाजार होता, गाडी बराच वेळ थांबली. हे उतरले, मला खारवलेली बोरं आवडतात म्हणून घेऊन येतो म्हणाले. मी खिडकीतून बघत होते. गर्दीत हे घासाघीस करत होते, बोरंवाली हसत होती, बाजूला दोघं भांडत होते, एक म्हातारा छत्री दुरुस्त करून घेत होता. आणि माझ्या मनात आलं, यांच्यापैकी कोण आहे आणि कोण नाही, हे तरी मला कुठं ठाऊक आहे? बोलतात, हसतात, भांडतात... तेवढं तर हेही करतायत. त्या क्षणी सगळा बाजार मला ओस वाटला. मी डोळे मिटून घेतले. हे बोरं घेऊन आले, माझ्या ओंजळीत ओतली. मी एकही तोंडात घालू शकले नाही.

आसगावला दीर शेती बघायचे. घरात ते, जाऊबाई आणि कामाची माणसं. धान कापून झाले होते, शेतात पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाचे ढीग रचलेले, खळ्यात बैल फिरवून मळणी सुरू होती. तिथले लोक त्याला चुरणं म्हणतात. घर गजबजलेलं होतं, पण त्याचा उपयोग झाला नाही, कारण तिथं कोणालाच काही जाणवत नव्हतं. जाऊबाई भात वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी यंदा किती चांगले वागून राह्यले, बाई. मागच्या बारीले कामाचं नाव काढलं का चिडत होते. आता सांगतलं का उठते. तू काहून अशी सुकून गेली?"

यांच्या जागी जे होतं ते लोकांना यांच्यापेक्षा जास्त आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली. हे खळ्याजवळच्या बोडीवर हातपाय धुवायला गेले. बोडी म्हणजे शेताला पाणी देणारं छोटं तळं. मी मागे गेले. मला आता सहनच होत नव्हतं. काठावर उभी राहून मी विचारलं, "अहो, तुम्ही आहात का?"

"आहो ना," ते म्हणाले. पाय चोळत होते. "असं काहून विचारते?"

"तुम्ही नाही आहात. मले कळते. त्या रविवारपासून नाही."

त्यांनी मान वर केली. रागावले नाहीत, घाबरले नाहीत. वर्गात मुलाने चांगली शंका विचारल्यावर जसे हसायचे तसे हसले. "बरं, समज मी नाही. मंग फरक काय पडला? खातो, शिकवतो, तुझी काळजी घेतो. दादाचे धान उचलून देतो. मी आहो का नाही, हे मोजाले कोणतं यंत्र आणशील? आन् जे कोणत्याच यंत्रात येत नाही, ते नसलं तर कोणाचं काय अडते?"

हे वाक्य त्यांचंच होतं. शामरावांशी वाद घालताना शंभरदा म्हटलेलं. मी त्यांच्या बाजूने मान डोलावलेली. आता तेच वाक्य त्या तोंडातून, त्या हसऱ्या डोळ्यांखालून ऐकून मी तिथंच तणसावर, धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, बसले. त्यांनी पंच्याने पाय पुसले, मला हात देऊन उठवलं आणि खळ्यात निघून गेले. त्यांचा हात ऊबदार होता. तेच सगळ्यात वाईट होतं.

मी त्यांच्याकडे बघत राहिले. दिराने त्यांच्या खांद्यावर धानाचा भारा दिला. चार पावलं चालले असतील आणि भारा टाकून दिला. दोन्ही हात कानांवर दाबले. गुडघ्यांवर बसले. दीर ओरडले, बैल थांबले, माणसं धावली. मला वाटलं साप चावला. पण मी जवळ पोचले, त्यांनी मान वर केली – आणि ते बोलायच्या आधी मला कळलं. कसं ते विचारू नका. त्या डोळ्यांतून मला कोणीतरी पाहत होतं आणि ते कोणीतरी माझ्याहून जास्त घाबरलेलं होतं.

"केवढा आवाज आहे," म्हणाले. "ऊन केवढं आहे." माझं मनगट असं धरलं की नंतर वळ उठले. मग लहान मुलासारखे रडायला लागले. सगळ्या माणसांसमोर. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं.

संध्याकाळी आम्ही दोघंच पडवीत बसलो होतो, तेव्हा बोलले. सावकाश, एकेक शब्द जपून.

"मी शामरावसंगं बोलत होतो. 'चव' म्हणालो. आन् मंग एकदम खळ्यात होतो, खांद्यावर भारा, कानात आवाज. मधात काहीच नाही. अंधार पण नाही. अंधार असता तर निदान मी असतो."

"पण तुम्ही शिकवत होता, बोलत होता..."

"मले सगळं ठाऊक आहे. नागपूरले गेलो, आलेख काढला, अड्याळले तुले बोरं घेतली. पण ते कसं ठाऊक आहे, सांगू? पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे जसं ठाऊक आहे, तसं. पाह्यलं नाही मी. तू रडत होती हे मले माहीत आहे. तुले रडताना मी पाह्यलं नाही."

मी विचारलं, बोडीवर जे म्हणालात ते?

"ते मी नाही बोललो. पण त्यात चूक काढता येत नाही मले. मले लोकं विचारतीन ना, का तुमचं फिजिक्स चुकलं का, तर नाही चुकलं. सगळा हिशेब बरोबर सुटला. मले न धरता सुटला. मी नव्हतो आन् एक काम अडलं नाही, हेच..."

भंडाऱ्याला परतल्यावर शामराव आले. यांचा हात हातात घेतला. मला वाटलं नाडी मोजतील, पण घड्याळाकडे पाहिलंच नाही त्यांनी. नुसता धरून बसले. मग मला म्हणाले, "चहा ठेवा, वहिनी." पुढे अनेक वर्षं त्यांनी पुस्तकं धुंडाळली. झटक्याचा एखादा प्रकार असेल, मेंदूचा कुठला तरी भाग तेवढे दिवस बंद पडला असेल, असं म्हणायचे. मग स्वतःच म्हणायचे, "नाव ठेवता येईन. पण नाव ठेवून काय समजलं?"

मुलगी झाली. हे शिकवत राहिले, तोच अभ्यासक्रम, तसाच चांगला. रविवारचा वाद मात्र बंद झाला. घास खूप हळू खायला लागले. बोलताना मध्ये अडखळले की चेहरा पांढराफटक व्हायचा, आणि मीही हातातलं काम टाकून बघायची. असे किती अडखळणारे क्षण मी मोजत जगले, काय सांगू.

एवढ्यावरच थांबलं असतं तर कदाचित मी हे लिहिलं नसतं. पण अजून एक गोष्ट आहे, ती मी कोणालाच सांगितलेली नाही.

मुलगी शाळेत जायला लागली होती तेव्हाची, म्हणजे शहाऐंशीच्या आसपासची. उन्हाळ्याची सुट्टी. एका दुपारी मी अंगणात चिंच फोडत बसले होते. हे बाहेरून आले, दारात उभे राहिले, माझ्याशी दोन वाक्यं बोलले. आत गेले. थोड्या वेळाने मुलीचे कपडे पिशवीत भरून, तिला घेऊन, आसगावला जातो म्हणून निघून गेले. काही कारण नाही, आधी ठरलेलं नाही. मला राग आला.

काही दिवसांनी एकटेच परत आले. फाटकातच थांबले. मी भांडायला पुढे झाले तर ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे ते भाव मी ओळखले. खिडकीबाहेर उभी राहून मीच तशी बघत होते एकेकाळी. मग खांदे सैल पडले, खाली पायरीवर बसले आणि म्हणाले, "आली तू."

"कुठं गेली होती मी?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. संध्याकाळच्या गाडीने जाऊन मुलीला घेऊन आले. त्या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. मी विचारलं तेव्हा तेवढंच म्हणाले, "पोरगी लहान होती. मी काय करू?"

आता हे नाहीत. शामरावही नाहीत. मुलगी त्या वेळचं काही आठवत नाही म्हणते. विचारायला कोणी उरलेलं नाही. यंत्रं आता खूप पुढं गेली आहेत, मेंदूची रंगीत चित्रं निघतात, पण कोणाचीही फाईल वाचली तरी माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात सापडत नाही. मी गणित शिकवलेली बाई आहे, सिद्धता नसलेलं विधान मी करणार नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तेव्हाही नव्हतं.

त्या दिवसांत मी काय काय केलं ते मी अनेकदा मनात मांडून बघते. चिंच फोडली. ती मीठ लावून बरणीत भरली. शेजारणीला थोडी दिली. शाळेत निकालाच्या कामाला गेले. हे कारण न सांगता गेले म्हणून दोन दिवस धुमसत होते. सगळं मला ठाऊक आहे.

चिंचेचा वास आला होता का, ते मात्र आठवत नाही.